सिगडीत गेलेला काळा दगड

समारंभाचे अध्यक्ष आणि संस्थेचेही अध्यक्ष प्रभाकररावजी, मंचावरील प्राचार्य व मान्यवर पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणाऱ्या भूशास्त्राच्या प्राध्यापिका माधवी ताकसांडे मॅडम, सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, आणि भाषण लांबलं तर सटकता यावं म्हणून दारापाशीच उभे राहिलेले सज्जन, सर्वांना नमस्कार.

मी याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला जीभ आवरायला शिकवलं होतं. तेवढा विषय कच्चा राहिला.

आतापर्यंतच्या वक्त्यांनी मॅडमना चंदन म्हटलं, पणती म्हटलं, वटवृक्षही म्हटलं. त्या शिकवत काय होत्या, हे एकानेही सांगितलं नाही. इतकी वर्षं ही बाई आपल्या कॉलेजात काय करत होती, असा प्रश्नसुद्धा पडू नये? मग मी सांगते.

तांबं, शिसं, जस्त हे धातू पाण्यात विरघळून वाहत असतात, पण इतके विरळ की असून नसल्यासारखे. ते एका जागी साठतात कशाने? बऱ्याच ठिकाणी त्याचं उत्तर आहे, कुजलेला पाला, शेवाळं आणि मेलेले जीव. समुद्राच्या तळाशी हे सगळं चिखलात कुजतं, प्राणवायू संपतो, तिथले जिवाणू सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू सोडतात. पाण्यातला धातू त्या वायूतल्या गंधकाशी जोडला जातो आणि खाली बसतो. पुढे त्या चिखलाचा काळा दगड होतो. कुठे कुठे तर अख्ख्या ओंडक्यात, त्याच्या पेशीपेशीत, तांब्याचं खनिज भरलेलं सापडतं. यावरून कुणी मानवी जीवनाला उपमा देऊ नका. मॅडमना ते खपत नाही.

असे काळे दगड मॅडम सुट्ट्यांमध्ये हिंडून, पाठीवर वाहून आणायच्या. प्रभाकररावजी तेव्हा म्हणाले होते, "मॅडम, आपल्या जिल्ह्यात ना तांबं ना शिसं. काऊन शिकवता?" मॅडम म्हणाल्या, "भाऊ, आपल्या जिल्ह्यात समुद्रही नाही. भूगोलातून काढून टाकू का?" बघा, प्रभाकररावजी आताही हसताहेत.

शहाण्णव साली विद्यापीठाची समिती आली. विषयाची मान्यता ठेवायची की काढायची, हे ठरणार होतं. समिती येणार म्हटलं की आपल्याकडे आधी भिंतींना चुना मारतात. त्यासाठी मॅडमचे दगड पेट्यांमधून काढून त्यांचा व्हरांड्यात ढीग घातला. त्यात चहाच्या वेळेला गॅस संपला. आपल्या रूपराव शिपायाने सिगडी पेटवली, कोळसा कमी पडला, म्हणून व्हरांड्यातला 'कोळसा' आणून टाकला.

थोड्या वेळात धूर आणि गंधकाचा असा भपका, की समितीचे साहेब रुमाल नाकाला लावून बाहेर आले. आणि रूपराव फुंकणी घेऊन म्हणतोय, "बाई, लयच बेइमान कोयसा हाय. जयत नाई न काई नाई, नुसता बास मारून राह्यला!"

मॅडमच्या जागी मी असते तर त्याला सोलून काढलं असतं. मॅडम सिगडीशी उकिडव्या बसल्या, चिमट्याने एक दगड बाहेर काढला आणि म्हणाल्या, "रूपरावभाऊ, तो कोळसा नाही. जुन्या समुद्रातला चिखल आहे. या वासातच धातूची गोष्ट आहे." मग साहेबांकडे वळून, "सर, या इकडे. वर्गात दाखवणार होते, ते इथेच दाखवते." त्या धुरात उभं राहून त्यांनी साहेबांना जे शिकवलं, तेच मी मघाशी तुम्हाला उसनं सांगितलं. एक साहेब खोकत म्हणाले, "इतकं स्पष्ट मला माझ्या विद्यापीठात कुणी सांगितलं नव्हतं." मान्यता राहिली. चहा मात्र बिनदुधाचा मिळाला, कारण धावपळीत दूध सांडलं.

त्यानंतर मॅडमच्या भूशास्त्राच्या खोलीतून किती मुलंमुली खाणींच्या सर्वेक्षणात गेली! मयुरी इथेच शिकली, एम.एस्सी. झाली, प्राध्यापकीसाठी लागणारी नेटही पास झाली. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. उभी राहा गं.

आता जे इथे कुणी बोलत नाही, ते बोलते. मॅडमची जागा भरायची नाही, पुढच्या जूनपासून विषय बंद आणि खोलीत कॉम्प्युटर, असं ठरत असल्याचं मी कालच ऐकलं. कॉम्प्युटर आणा, जरूर आणा. पण त्याच्यातलं तांबं कुठून आलं, हे सांगणारं कुणी नको?

निवृत्त होणाऱ्याने आपल्यामागून येणाऱ्याच्या हाती विभागाची किल्ली द्यायची, ही आपल्या कॉलेजची रीत. आज सकाळी मॅडमना किल्ली हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवायला सांगितलं. त्यांनी ठेवली नाही. ती त्यांच्या मुठीत आहे. जागा भरा, असं मागणार त्या नाहीत. मागायचा त्यांचा स्वभाव नाही. म्हणून मी मागते आहे.

प्रभाकररावजी, आपण दिलदार आहात, हे सिंदीपासून हिंगणघाटपर्यंत सगळे जाणतात. आता शाल घालायला उठाल, तेव्हा मॅडमकडून ती किल्ली आपण घ्या, आणि पुढे कुणाच्या हातात देणार ते याच माइकवर सांगा.

मला बोलावलंत, ऐकून घेतलंत, याबद्दल संस्थेची आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर म्हातारीचं म्हणून पोटात घाला. मयुरी, तू खाली बसू नकोस.