टास्मानियाच्या थंडीचा सराव

हसा, पण बायकोसमोर हा विषय काढू नका. टास्मानियाला डायव्हिंगला जायचं ठरलं होतं. आम्ही जाणार होतो तिथे बोट नसते, पाठीवर सिलिंडर घेऊन खडकांवरून चालतच गार पाण्यात शिरायचं. सराव हवा म्हणून मी आमच्या बुकित बातोकच्या दमट उकाड्यात, भर दुपारी डायव्हिंगचा जाड रबरी सूट चढवला, सॅकमध्ये तांदळाची पिशवी टाकली आणि आमच्या ब्लॉकचे जिने चढत सुटलो.

आठव्या मजल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. कसाबसा घरी पोचलो, तर घरात फक्त पुण्याहून आलेल्या सासूबाई.

"अहो जावईबापू, हे काय!"

"आई, पाठीमागची चेन ओढा आधी."

चेन उघडली, पण सूट घामाने अंगाला चिकटलेला. शेवटी त्यांनी शेजारच्या चिनी आंटींना हाक मारली. दोघींनी एकेक पाय धरून खेचला. सूट निघाला, आणि आत माझी भोकं पडलेली जुनी चड्डी.

"आय्यो!" आंटी म्हणाल्या.

दिवाळीत सासूबाई मला दरवर्षी शर्टपीस देतात. त्या वर्षी पुण्यात, सगळ्या पाहुण्यांसमोर, मला कुंकू लावून त्यांनी हातात पाकीट ठेवलं. उघडलं, तर अर्धा डझन चड्ड्या.

"वरून कितीही जाड घाला जावईबापू, आतलं धड असू द्या."