धक्क्याच्या टोकाला सापडलेल्या चपलांबाबत

मी, धक्क्यावर खिळेमामा म्हणून ओळखला जाणारा, वय ७१ वर्षे, धंदा पूर्वी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्याचा, हल्ली मासे धरतो, राहणार बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बंद पडलेल्या छापखान्याच्या वरची खोली, आज रविवारी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन जबाब देतो तो असा :

मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. शाळा चौथीपर्यंत झाली, बाकीचे शिक्षण दुसऱ्यांची पुस्तके जुळवता जुळवता झाले. त्यामुळे कुठे जास्त बोललो तर साहेबांनी तेवढे गाळावे.

गेली अकरा वर्षे मी रोज दुपारी चारच्या सुमारास धक्क्यावर गळ टाकायला जातो. माझ्या शेजारची जागा ड्रायव्हरसाहेबांची. ते बसचे निवृत्त चालक, वय ७४. पत्नी तीन वर्षांपूर्वी वारल्या. तेव्हापासून मुलीकडे राहतात. मुलगी इस्पितळात नर्स आहे. मला मामा म्हणते.

धक्क्यावर जागेवरून उठायचे झाले तर आम्ही चपला तिथेच ठेवतो, अंगठे समुद्राकडे करून. शेजारी टोपी, टोपीवर दगड. याचा अर्थ माणूस परत येणार आहे, जागा कोणी घेऊ नये. हे कुठे लिहिलेले नाही, पण अकरा वर्षांत कोणी मोडलेले नाही.

आज पाच वाजून दहा मिनिटांनी ड्रायव्हरसाहेब उठले. गळ कठड्याला बांधला, चपला ठेवल्या, चष्मा काढून टोपीत ठेवला आणि अनवाणी गेले. कुठे गेले ते मला ठाऊक होते. कोणाला सांगू नये असा त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला होता.

पावणेसहाच्या सुमारास सूर्यास्त बघायला आलेल्या एका जोडप्याने त्या चपला पाहिल्या. बाईंनी तोंडावर हात ठेवला आणि नवऱ्याने रखवालदाराला बोलावले. रखवालदार नवा आहे, कामावर तिसराच दिवस.

त्याने विचारले, "कोणाच्या चपला?"

मी म्हणालो, "ड्रायव्हरसाहेबांच्या. जागा धरलीय. येतील."

"गेलेत कुठे?"

"येतील हो."

"आजोबा, मी कुठे गेलेत ते विचारतोय!"

"मी पण येतील तेच सांगतोय."

यावर त्याने शिट्टी फुंकली. मी खोटे बोललो नाही, पण खरेही सांगितले नाही, हे मान्य करतो. दहा मिनिटांत शोधायला होडी पाण्यात उतरली. टोपीच्या आतल्या बाजूला मुलीचा फोन नंबर लिहिलेला होता, तो लावण्यात आला. इस्पितळ जवळच आहे. मुलगी सव्वासहाला पोहोचली, ड्यूटीच्याच कपड्यांत, मनगटावर चिकटपट्टीचा तुकडा तसाच.

ती आधी रखवालदारावर ओरडली, मग माझ्यावर. "उद्यापासून बाबांचा धक्का बंद! घरात बसतील, टीव्ही बघतील." रखवालदार म्हणाला, "बरोबर आहे ताई." मला ते बरे वाटले नाही. धक्क्याशिवाय ड्रायव्हरसाहेबांचे कसे होईल ते मी त्यांची पत्नी गेली त्या वर्षी पाहिले आहे. तेव्हा ते महिनाभर भिंतीकडे तोंड करून बसत.

मग तिने टोपीतला चष्मा उचलला आणि पुसला. म्हणाली, "मामा, बाबा चष्म्याशिवाय जिनासुद्धा उतरत नाहीत." एवढेच बोलली.

तेव्हा मी शब्द मोडला. म्हणालो, "चल माझ्याबरोबर. बाबा ठणठणीत आहेत. फक्त दारातून हाक मारायची नाही."

धक्का जिथे सुरू होतो तिथे लाकडी हॉल आहे. दर रविवारी पाच ते साडेसहा तिथे बँड वाजतो आणि ज्यांना नाचायचे ते नाचतात. फरशी गुळगुळीत आहे, चपला सरकतात, म्हणून ड्रायव्हरसाहेब अनवाणी जातात. घामाने चष्मा घसरतो, म्हणून तो ठेवून जातात. गेले पाच महिने ते नाच शिकत आहेत. शिकवतात हॉलशेजारच्या आकाशपाळण्याच्या तिकीटबाई. त्यांचे वय मी विचारलेले नाही. ड्रायव्हरसाहेबांचे म्हणणे असे की, आई जाऊन तीनच वर्षे झाली आणि बाप नाचतो, हे मुलीला लागेल.

आम्ही दारात उभे राहिलो. ड्रायव्हरसाहेब मोठ्याने आकडे मोजत होते. हात स्टिअरिंगवर धरावेत तसे, आणि वळणावर तिकीटबाईंना सावकाश, मागची गाडी बघून घेतल्यासारखे वळवत होते. तिकीटबाई म्हणाल्या, "अहो, ब्रेक सोडा!" ते हसले. मुलीने दाराची चौकट धरली. मला वाटले, आता हाक मारणार. तिने मारली नाही. गाणे संपेपर्यंत पाहत राहिली. किती मिनिटे ते सांगता येणार नाही.

नंतर म्हणाली, "उजवा गुडघा जड पडतोय त्यांचा. माझ्याकडे पट्टा आहे. पुढच्या रविवारी तुम्ही द्या, तुमचाच म्हणून. आणि मी पाहिलं हे बाबांना कळता कामा नये."

मी म्हणालो, "धक्का बंद ना?"

ती म्हणाली, "मामा, गप्प बसा हो."

आम्ही परत येऊन होडीला माघारी बोलावले. साडेसहा उलटून गेल्यावर ड्रायव्हरसाहेब आले आणि गर्दी बघून म्हणाले, "काय, मोठा मासा लागला की काय कोणाला?" मुलीने विचारले, "होतात कुठे, बाबा?" ते म्हणाले, "जरा पाय मोकळे करायला." ती म्हणाली, "बरं." सूर्य त्याच वेळी बुडत होता. जमलेच होतो, म्हणून सगळ्यांनी पाहिला. होडीवालेही थांबले.

होडी उतरवली म्हणून नोंदीसाठी आम्ही तिघे ठाण्यात आलो. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. रखवालदाराने त्याचे काम केले. आमचा रिवाज मी त्याला समजावून सांगितला आहे.

विचारल्यावरून सांगतो की, ड्रायव्हरसाहेब आणि त्यांची मुलगी दोघेही या घडीला ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसले आहेत. तिला सांगू नये असा त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला आहे, आणि त्यांना सांगू नये असा तिने. त्यांचा शब्द मोडला आहे, तिचा अजून शाबूत आहे.

सबब माझा हा जबाब माझ्या विनंतीवरून दार लावून, हळू आवाजात मला वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.