पोटाखालचा हात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या निर्झर पार्क सोसायटीचे चेअरमन माननीय निरंजनराव. व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, ज्यांच्या शेतावर आज आपली पाचशे घरं उभी आहेत ते श्री. हिंदुराव; त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या मातोश्री सोजराबाई; जिला निरोप द्यायला आपण जमलो ती आपल्या मुलांची पोहण्याची शिक्षिका सादिका; आणि समोर बसलेल्या माझ्या शेजाऱ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘ज्येष्ठ सदस्या’ असं छापलं आहे. ज्येष्ठ म्हणजे जिला माईक द्यावा लागतो पण जास्त वेळ देऊ नये अशी व्यक्ती, हे निवृत्तीनंतर मला चांगलं कळलं आहे. तरी मी पाचापेक्षा जास्त मिनिटं घेणार. निरंजनराव, घड्याळाकडे आत्ताच बघून घ्या, मग सारखं बघावं लागणार नाही.

त्याच पत्रिकेत छापलं आहे की सादिका ‘वैयक्तिक कारणास्तव’ आपल्याला सोडून जात आहे. सादिका, तुझं वैयक्तिक कारण काय गं? बघा, ती मान खाली घालून हसते आहे. ती सभ्य आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या सिस्टर म्हणायच्या, खोटं बोलणाऱ्यापेक्षा ते ऐकून टाळ्या वाजवणारा जास्त दोषी. मघाशी टाळ्या कोणी कोणी वाजवल्या ते मी पाहिलं आहे.

मी चाकणच्या एका कारखान्यात सेफ्टी विभागात एकोणतीस वर्षं होते. अपघात झाला की त्याचा अहवाल मी टाइप करायचे. प्रत्येक अहवालात एक शब्द ठरलेला असायचा: ‘अचानक’. मशीनवरचं गार्ड तीन महिने आधी काढून कोपऱ्यात ठेवलेलं, आणि माणसाचा हात मात्र ‘अचानक’ सापडलेला. आज मी पहिल्यांदाच अपघाताआधी अहवाल देते आहे. कृपा करून ऐका.

सादिका मुलांना कशी शिकवते, हे तुमच्यापैकी बाकावर बसून मोबाइल बघणाऱ्यांना ठाऊक नसेल. पिंपरीतल्या गॅरेजवाल्या चांदभाईंची ही मुलगी. तिने आपल्या एकाही लेकराला कधी पाण्यात ढकललं नाही. पहिले चार दिवस मुलं नुसती पायरीवर बसून पाय हलवतात. मग तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढतात. मग ती मुलाला पालथं धरते, पोटाखाली एक हात. फक्त एक. आणि तो हात ती कधीही गुपचूप काढून घेत नाही. “बेटा, आता हात काढते हं,” असं सांगते, काढते, आणि मुलाने मोठ्याने “काढला!” म्हणायचं. मुलाने तसं म्हटलं नाही तर हात परत जागेवर. मी तिला एकदा विचारलं, एवढं कशाला? ती म्हणाली, “मावशी, पाण्यात एकदा फसवलं की मूल पाण्याला भीत नाही, माणसाला भितं.”

एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारची गोष्ट. सकाळचे सात. माझी नात मैत्री, वय वर्षं पाच, पोहण्याच्या टाकीत, पूर्वेच्या कोपऱ्यात, सादिकाच्या हातावर पालथी होती. मी बाकावर होते. सादिका म्हणाली, “हात काढते हं.” तिने काढला, आणि आम्हाला दिसावं म्हणून दोन्ही हात पाण्याबाहेर वर धरले. मैत्री तरंगत होती. आम्ही खूश! पण पोरगी “काढला” म्हणेना.

“बोल ना बेटा.”

“अजून कुठे काढलास?”

“हे बघ, दोन्ही हात वर आहेत माझे.”

मैत्रीने मान वळवून बघितलं. आणि अगदी साधेपणाने, जेवताना भाजी सांगावी तशी म्हणाली, “हा तुझा नाहीये. हा गार आहे.”

बाकावरच्या आया हसल्या. मीही हसले, हे कबूल करते. सादिका हसली नाही. तिने पाण्यातून मैत्रीच्या पोटाखाली हात फिरवला आणि तिला उचलून पायरीवर ठेवलं. त्या दिवशी तिने तास वीस मिनिटं आधी संपवला.

पुढच्या आठवड्यात त्या कोपऱ्यात आठ मुलं तरंगली. जी पायरीवर रडायची तीसुद्धा. दुसरीकडे नेलं की दगडासारखी खाली, त्या कोपऱ्यात नेलं की पानासारखी वर. आणि कोणीही “काढला” म्हणेना. तुम्ही काय केलंत? व्हिडिओ काढलेत. ‘चार दिवसांत तरंगणारी मुलं’ म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेत. त्यात मुलांचे चेहरे नीट बघितलेत का कुणी? पोहायला शिकणारं मूल धडपडतं, ओरडतं, नाकात पाणी गेलं म्हणून भोकाड पसरतं. आपली मुलं त्या व्हिडिओत गप्प आहेत. आठही. खाली बघत आहेत.

सादिकाने त्या कोपऱ्याला दोरी बांधली. कमिटीने विचारलं, का? ती म्हणाली, “तिथे मुलांना कोणीतरी धरतं. तो हात कोणाचा ते मला माहीत नाही. म्हणजे तो कधी सुटेल तेही मला माहीत नाही. अशा हातात मी लेकरं देणार नाही.” कमिटीतले एक गृहस्थ, नाव घेत नाही, ते तिसऱ्या रांगेत आहेत, म्हणाले, “मॅडम, आयटीतली माणसं राहतात इथे. असलं बोललात तर फ्लॅटला गिऱ्हाईक येणार नाही.”

हसू नका. मीही भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. म्हणून मी सेफ्टीवाल्याने करावं ते केलं. आधी जागा कोणती आहे ते पाहिलं. हिंदुरावांकडे गेले. हिंदुराव, चुकलं तर थांबवा मला. मी विचारलं, पूर्वेच्या कोपऱ्याखाली काय होतं? तुम्ही म्हणालात, “व्हय, आमची हीर व्हती तिथं. बांधीव हीर, सात पुरुस खोल पानी. आख्ख्या चऱ्होलीची पोरं तिथं पवाया शिकली.”

“शिकवायचं कोण?”

“आमची आत्या. अंबुबाई. लुगड्याचा काष्टा मारून हिरीत उतरायची. पाठीला भोपळा न्हाई, डबा न्हाई, काय न्हाई. पोटाखाली हात द्यायची, बास.”

मी विचारलं, त्या बुडून गेल्या का? मला वाटलं, तसंच काहीतरी असणार. तर हिंदुराव म्हणाले, “छ्या! आत्या बुडंल व्हय? शहाऐंशी वर्सांची हून खाटंवर गेली. त्यानंतर चार सालांनी हीर बुजवली.” मग म्हणाले, “बुजवताना हिरीला नारळ दिला. पान्यातल्या आसरांना हिरवं लुगडं दिलं. आत्याला काय द्यायचं, ते कुनाच्याच ध्यानात आलं न्हाई, बाई.”

मला वाटलं, म्हातारा माणूस, मन हळवं झालं आहे. चहा पिऊन परत आले.

आता गेल्या महिन्यातला रविवार. फ्लॅट बघायला माणसं येणार म्हणून कमिटीने दोरी काढायला लावली. सादिकाला विचारलंही नाही. हिंदुराव आणि सोजराबाई त्या दिवशी पाहुणे म्हणून बाकावर होते, सरबत पीत होते. मुलं पाण्यात. तास संपला, शिट्टी झाली, सगळी मुलं बाहेर आली. मैत्री आली नाही. ती पूर्वेच्या कोपऱ्यात तरंगत होती. काठापासून चार हातांवर.

“मैत्री, चल.”

“येता येत नाहीये, आजी.”

घाबरून नाही हो. अगदी शांतपणे. सादिकाने उडी मारली. तिच्या दोन्ही काखांत हात घालून ओढलं. मी काठावरून बघत होते. सादिकाच्या दंडाच्या शिरा फुगल्या, आणि माझी सोळा किलोची नात इंचभर हलली नाही. पाणी सादिकाच्या छातीपर्यंत. खाली निळ्या फरश्या स्वच्छ दिसत होत्या. मैत्रीच्या पोटाखाली काहीही नव्हतं. मात्र तिच्या पोहण्याच्या कपड्याला मध्यभागी खळगा पडला होता, आतल्या बाजूला. तळव्याएवढा.

तुम्हाला वाटेल, धरलं आहे ना, बुडणार तर नाही? नीट ऐका. पोटाखालचा हात पोट धरतो. मान धरत नाही. पाच वर्षांचं मूल मान वर किती वेळ धरणार? मैत्री दमत होती. हनुवटी पाण्याला टेकली. मग खालचा ओठ. सादिकाने एका हाताने तिचं डोकं वर धरलं, तर तिला ओढायला जोर कमी पडू लागला. वॉचमन आला, त्यानेही ओढलं. पोरगी रडायला लागली, “दुखतंय, दुखतंय.”

तेव्हा सोजराबाई बाकावरून उठल्या. हातातला सरबताचा ग्लास तसाच होता. त्या ओरडल्या, “ओढू नगा तिला! ए पोरी, सोड म्हन! सोड आत्या, असं म्हन! लेकरानं म्हनल्याबिगर ती सोडत न्हाई!”

मैत्री म्हणाली, “सोड आत्या.”

आणि सादिका, वॉचमन, मैत्री, तिघंही मागे पाण्यात पडली. इतकं एकदम सुटलं.

सोजराबाईंनी नंतर सांगितलं. अंबुबाईंची रीतच तशी. दुपार होवो, जेवणवेळ टळो, मूल आपण होऊन “सोड आत्या” म्हणेपर्यंत हात काढायचा नाही. गावातल्या प्रत्येक मुलाला हे ठाऊक होतं. आधी आपली मुलं सुटली, ती बाहेर काढताना “सोड ना” म्हणून कुरकुरायची म्हणून; आम्हाला वाटायचं, सादिकालाच म्हणतात. आपल्या मुलांना कोण सांगणार? आपण पुनावळ्याहून, लातूरहून, रत्नागिरीहून आलेली माणसं. आपण बुजवलेली जागा विकत घेतली. तिथली रीत कोणी विचारली नाही.

सादिकाने दुसऱ्या दिवशी लेखी दिलं. एक तर टाकी रिकामी करून तो कोपरा भिंत घालून बंद करा, नाहीतर मी मुलं पाण्यात उतरवणार नाही. त्याचं उत्तर म्हणजे ही शाल आणि हा नारळ. उद्या सकाळी सात वाजता एजन्सीचा नवा कोच येतो आहे. बावीस मुलांची नावं लागली आहेत. दोरी नाही. मी त्या कोचला फोन केला. तो म्हणाला, “काकू, मुलांना तो शब्द शिकवून टाकू की. सिंपल आहे.” निरंजनराव, तुम्हीही मला लिफ्टमध्ये हेच म्हणालात. शब्द शिकवला की झालं.

मलाही ते पटलं होतं. म्हणून आज सकाळी मी स्वतः उतरले. मी, सदुसष्ट वर्षांची, आयुष्यात कधी पोहले नाही. सादिका सोबत होती. तिने मला पालथं धरलं, म्हणाली, “मावशी, हात काढते हं.” काढला.

मी बुडाले नाही. खालून हात आला. गार होता, मोठा होता, बोटं किंचित पसरलेली. माझे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. आई जाऊन चाळीस. माझं सगळं वजन कोणीतरी उचलून धरल्याला किती वर्षं झाली, याचा हिशोब मी पाण्यात करत होते. गुडघे दुखायचे थांबले. शब्द मला पाठ होता. मी तो म्हणायलाच तर उतरले होते. आणि मी म्हटला नाही.

विसरले नाही. म्हणावासा वाटला नाही.

सादिका सांगते, ती चार मिनिटं ओरडत होती. मला तिचा आवाज लांबून यावा तसा येत होता. माझं तोंड पाण्यात गेलं तेही मला कळलं नाही. तिने केस धरून डोकं वर काढलं, थोबाडीत मारली, तेव्हा कुठे मी ते दोन शब्द बोलले. हा गाल पाहा. सुजलेला आहे. पावडर लावून आले आहे.

मला सगळं माहीत होतं आणि मला ते म्हणावंसं वाटलं नाही. तुमच्या बावीस लेकरांना वाटेल? ज्यांना सकाळी सहाला झोपेतून ओढून आणता, ज्यांचे बाबा शिफ्टवर आणि आई कॉलवर असते, ज्यांना दिवसभरात कोणी इतका वेळ हातावर धरत नाही, ती म्हणतील “सोड”?

म्हणून निरोपाच्या या प्रसंगी माझी कमिटीला विनंती नाही. मी फक्त कळवते आहे. उद्या पहाटे साडेसहाला मी टाकीच्या फाटकात खुर्ची टाकून बसणार आहे. सादिकाची नोकरी आज संपली तरी ती येणार आहे. सोजराबाई येणार आहेत. ज्याला आपलं मूल आत न्यायचं असेल, त्याने आधी एकट्याने त्या कोपऱ्यात उतरावं, पोटाखाली हात आला की सोड म्हणावं, बाहेर यावं, आणि मग मूल न्यावं. मी अडवणार नाही. निरंजनराव, पहिला नंबर मी तुमचा लावला आहे.

अध्यक्षांनी वेळ दिला, पाहुण्यांनी ऐकून घेतलं, आपण सर्वांनी मोबाइल खाली ठेवले, याबद्दल मनापासून आभार. सादिका, तुझे आभार मी या माईकवरून मानणार नाही, ते पुरणार नाहीत. माझ्या बोलण्याने कोणाचा मान राहिला नसेल, कोणाला जास्त लागलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. माझ्या वयाकडे बघून नको. उद्या सकाळी पाण्यात उतरून आलात की मग ठरवा, क्षमा करायची की नाही.