मिनहोचं अर्धं राहिलेलं गाणं

मंडळी, मागे उभे आहात ते पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. तुम्ही आलात, आभारी आहे. मला बोलणं जड जातंय. दुःखानं जातंय, आणि रागानंही. राग आधी सांगते, म्हणजे दुःखाला जागा होईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी माधवी. मिनहो माझ्या धाकट्या बहिणीचा, केतकीचा नवरा. मूळचा कोरियाचा. गेल्या गुरुवारी इथल्या अल्बनीच्या बसस्टॉपवर उभ्याउभ्या हार्ट अटॅकनं गेला. कानात इअरफोन होते. गाणं जपानी होतं.

कोरियन माणूस आणि जपानी गाणी? किती वेळा विचारलंत त्याला! तो दर वेळी शांतपणे सांगायचा. त्याच्या लहानपणी तिकडे रेडिओ-टीव्हीवर जपानी गाण्यांना बंदी. आजोबांनी जपान्यांचं राज्य सोसलेलं, घरात नाव काढायची सोय नव्हती. तरी पोरं कॅसेटवरून कॅसेट भरून घ्यायची, पांघरुणात ऐकायची. आता त्याची सोलमधली भाची तिकीट काढून जपानी गायकांच्या शोला जाते. अख्खा हॉल जपानीत गातो. मिनहो म्हणायचा, "ताई, आम्ही चोरून ऐकलं, ह्या पोरी ओरडून गातात. बरं वाटतं."

मी विचारलं होतं, आजोबांना विसरलास का रे? म्हणाला, "आजोबांना मारणारा वेगळा, हे गाणारा वेगळा." एवढं साधं.

आणि आपण काय केलं? आपल्या मराठी मंडळात दर दिवाळीला त्याला के-पॉपवर नाचायला लावलं. कोरियन ना, मग नाच! त्याला ते येत नव्हतं, आवडतही नव्हतं. गेल्या दिवाळीला त्यानं स्वतःच्या आवडीचं जपानी गाणं धरलं. दुसरं कडवं सुरू झालं आणि माइक बंद. प्रमोदराव, तुम्ही बंद केलात. म्हणालात, "जेवण गार होतंय." वर त्याच्या खांद्यावर हात टाकून, "स्वाभिमान आहे की नाही तुम्हा लोकांना?"

प्रमोदराव, तुमची गाडी, इथल्या बऱ्याच गाड्यांसारखी, जपानहून सेकंडहँड आलेली. सुरू केली की आतली बाई जपानीत बोलते. काय बोलते ते तुम्हाला आजतागायत कळलेलं नाही. तिला कधी गप्प केलंत? तेव्हा स्वाभिमान कुठे असतो, डिकीत?

हसू नका. त्या दिवशीही तुम्ही असेच हसला होतात.

घरी येऊन तो म्हणाला, "स्वीट अ‍ॅज, ताई." इथली बोली, म्हणजे सगळं झकास. खोटं होतं ते. त्यानंतर तो मंडळात फिरकला नाही. कुणी फोन केलात? एकानं तरी?

काल केतकीनं एकच मागितलं. ते गाणं आज पूर्ण वाजू दे. मंडळाच्या कमिटीचं उत्तर आलं, शोकसभेत शोभत नाही, भजन लावू, दोन मिनिटं मौन पाळू. म्हणजे माणूस गेला तरी त्याचं गाणं अर्धंच?

तर उभे राहा. मौन तुम्ही पाळायचं. गाणं तो म्हणेल. केतकीनं त्याच्या आवाजात घरीच रेकॉर्ड केलेलं आहे, मधेच कुकरची शिट्टी ऐकू येईल. संपेपर्यंत कुणी बसायचं नाही, बाहेर चहा गार झाला तरी. प्रमोदराव, त्या बटणापासून लांब व्हा. आज माइक माझ्या हातात आहे.

मिनहो, गा.