नकाशात न बसणारी भिंत

शेजारचा प्रणव अमरावतीला आर्किटेक्चर शिकतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याची पुठ्ठ्याची सगळी मॉडेलं मी डोकावून पाहिली आहेत, बसस्टँड काय अन् वाचनालय काय. संक्रांतीच्या सुट्टीत तो आमच्या जठारपेठेतल्या गल्लीत घरी आला, तर मीच त्याला पकडलं. "बापू, आमच्याकडं सून येऊन राहिली. सैपाकघर मोठं कसं होईन, तेवढं कागदावर काढून दे मले."

पोरगं टेप घेऊन घर आतून मोजत बसलं, बाहेरून मोजलं, मग पुन्हा आत आलं. "काकू, हिशोब जुळून नाही राहिला. सैपाकघर आन् देवघराच्या मधात जागा उरते. माणूस उभा राहीन एवढी."

"अरे, भिंत जाड असन."

"एवढी जाड भिंत किल्ल्याले असते, काकू. आयका, आत पोकळ आहे." असं म्हणून त्यानं बोटांनी ती ठोकली.

शेजारीच सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट बजावली होती, या भिंतीला खिळा मारायचा नाही. आता त्यांचे हात थांबले. मान वर न करता म्हणाल्या, "वाजवू नको रे बापू. उठन तो."

प्रणव चहा न घेताच गेला.

आता सून विचारते, "आई, ओटा इतका लहान काहून?" मी सांगते, भिंत पक्की आहे. साऱ्या गल्लीच्या चौकशा करणारी मी, पण तो कोण, हे सासूबाईंना अजून विचारलेलं नाही.