बंद केलेलं बटन

मामी : मेन स्विचला हात लावू नकोस. नुसतं हे दिव्याचं बटन बंद कर आणि मग शिडीवर चढ.

भाचा : मामी, आमच्या धंद्यात मेन बंद केल्याशिवाय कुणी वर चढत नाही.

मामी : तुझे मामा चढले होते. फुटक्या बल्बची टोपी होल्डरमध्ये अडकली होती, ती काढायला. मी इथे उभी राहून बटन बंद केलं, तरी करंट बसला, खाली आले आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा तूच सगळ्यांसमोर छाती ठोकून म्हणालास, बटन बंद असलं की होल्डरमध्ये काही येत नाही. मग आज का कचरतोस?

भाचा : कचरत नाही. पद्धत सांगतो.

मामी : हे घे, केलं बंद. नीट बघून घे. नंतर मामीने केलंच नव्हतं, असं व्हायला नको.

भाचा : तुम्ही अजून तेच धरून बसलात. मी आपलं सहज बोललो होतो.

मामी : सहजच. दवाखान्यात, तुझ्या आईसमोर, शेजाऱ्यांसमोर. "मामींची नेहमीची घाई, राहिलं असेल चालू." तेवढं पुरलं.

मामा (आतल्या खोलीतून) : अगं, गॅस बंद केलास का?

मामी : केला.

मामा : नक्की? थांब, येतो बघायला.

मामी : ऐकलंस? आता वॉकर ओढत निघतील. पलंगापासून ओट्यापर्यंत यायचं तर घामाघूम होतात, तरी येतात. गॅस, नळ, मागच्या दाराची कडी, सगळं स्वतः तपासतात. माझ्या शब्दाला या घरात काडीची किंमत उरलेली नाही. अहो, तुम्ही बसा. भाचा आलाय, तो बघतोय.

मामा : तो बघतोय ना? मग ठीक आहे.

मामी : बघितलंस? तुझ्यावर भरवसा आहे.

भाचा : मामी, काम काय आहे ते सांगा ना.

मामी : सांगते. पडदा ओढू दे. आता वर बघ. बटन बंद आहे. बल्ब काय करतोय?

भाचा : मिणमिणतोय.

मामी : नवा बल्ब लावल्यापासून हेच चाललंय. आधी वाटलं, माझ्याच डोळ्यांत मोतीबिंदू होतोय.

भाचा : या नव्या बल्बांचं होतं असं कधी कधी.

मामी : बाकीच्या खोल्यांत हेच बल्ब आहेत. ते मुकाट्याने विझतात. चढ, बल्ब काढ आणि होल्डरमध्ये बोट घाल.

भाचा : मामी.

मामी : सगळ्या घराचं वायरिंग तुझ्या हातचं. घाल बोट.

भाचा : टेस्टर लावतो.

मामी : लाव.

(शिडी करकरते.)

मामी : पेटला ना? मला इथून दिसतोय, पण तू बोल.

भाचा : पेटला. बटनाने करंट आणणारी वायर तोडायला हवी. मी बटन परतीच्या वायरवर जोडलं. दिवा विझतो, पण होल्डरमध्ये करंट तसाच राहतो.

मामी : झालं कसं असं?

भाचा : ही शेवटची खोली होती. करंटची लाल वायर संपली होती, म्हणून दोन्हींसाठी परतीची काळीच ओढली. आणायला गेलो असतो तर दिवस गेला असता. वर आल्यावर त्यातली करंटची कुठली ते तपासलं नाही, अंदाजाने जोडली. बटन दाबलं, दिवा लागला. म्हटलं, झालं काम.

मामी : आणि हे तुला आज कळलं?

भाचा : नाही. दवाखान्यात त्यांची भाजलेली बोटं बघितली, तेव्हाच ही जोडणी आठवली होती.

मामी : आणि तेव्हाच माझ्या घाईबद्दल बोललास.

भाचा : हो.

मामी : उतर खाली.

भाचा : दहा मिनिटांचं काम आहे, आधी दुरुस्त करतो. मग सावकाश सांगू मामांना. माझ्या भाच्याने घर उभं केलं म्हणून सगळीकडे सांगत असतात ते.

मामी : आधी सांग, मग दुरुस्त कर. एकदा दुरुस्त झालं की माझ्याकडे दाखवायला काय उरणार? चल आत.

मामा : काय रे, झालं काम?

भाचा : मामा, त्या दिवशी मामींनी बटन बंद केलं होतं. माझी जोडणी उलटी होती. आणि मला तेव्हाच संशय आला होता.

मामा : बाहेरच्या खोलीतली का? लाल वायर संपली होती, ती?

भाचा : हो.

मामा : मीच म्हणालो होतो, उद्या घरसामान येतंय, उरक लवकर.

भाचा : तुम्ही उरक म्हणालात. तपासू नकोस असं नव्हता म्हणालात.

मामा : नाही. तसं नव्हतो म्हणालो. जा, मेन बंद कर आणि एकूण एक खोलीतली जोडणी उघडून बघ. माझ्याशी आत्ता बोलू नकोस.

भाचा : जातो.

मामा : अगं, आहेस का तिथे?

मामी : आहे.

मामा : मी शिडीवरून विचारलं होतं तुला.

मामी : दोनदा.

मामा : आणि तू दोन्ही वेळा केलं म्हणालीस.

मामी : चार महिने तेच म्हणतेय.

मामा : फार वाईट वागलो मी.

मामी : हो. वागलात.

मामा : मागच्या दाराची कडी लावलीस का?

मामी : लावली.

मामा : बरं. मग तो वॉकर राहू दे कोपऱ्यातच.