कात्रीची खोळ

सन्माननीय अध्यक्ष भाई, मुख्याध्यापिका विनीता मॅडम, व्यासपीठावर माझ्या शेजारीच बसलेले आमचे विज्ञान शिक्षक जितेंद्र सर, समोरची मालवणकर मंडळी आणि माझ्या मुलांनो,

एकतीस वर्षं मी या शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या. आज निवृत्तीची शाल मिळाली. या उकाड्यात शाल! असो, प्रेमाने दिलीत, मी घेतली.

सर आत्ताच म्हणाले, "सुगंधाताईंचे हात सदैव मदतीला असायचे." फक्त हातच का हो, सर?

टेबलावर ही पेटी मांडली आहे. 'प्रथिनांचा प्रवास', राज्य विज्ञान प्रदर्शनात पहिली. खाली नाव सरांचं. ही पेटी मी माझ्या पडवीत बसून केली. मण्यांची माळ म्हणजे प्रथिन, एकेक मणी म्हणजे अमिनो आम्ल. बांगड्याला कोकमाचं आंबट आगळ चोळलं की मांस पांढरं पडतं ना? तसंच काहीसं जठरातलं आम्ल करतं, माळेचा गुंता सोडवतं. मग पेप्सिनची कात्री मोठे तुकडे करते. लहान आतड्यात स्वादुपिंडाकडून ट्रिप्सिनची कात्री येते, ती तुकडे आणखी बारीक करते. शेवटी सुटे मणी आतड्याच्या अस्तरातून रक्तात आणि तिथून यकृतात जातात. हे मला कोणी शिकवलं? सरांनीच. कपाटामागे उभी राहून मी त्यांचा प्रत्येक तास ऐकलाय. त्यांना मी फार मानायचे.

प्रदर्शनातून सरांचा फोन आला. "सुगंधाताय, परीक्षक इचारतत. त्या दुसऱ्या कातरेक कापडाची खोळ कित्याक गो?"

मी म्हटलं, "सर, उघडी ठेवली तर ती स्वादुपिंडाकच कापूक लागतली. खोळ आतड्यात गेल्यावरच काढूची."

बक्षीस त्या उत्तराला मिळालं. दुसऱ्या दिवशी पेपरात सरांचा फोटो. कल्पना म्हणे त्यांना आंबोलीच्या घाटात सुचली! मी तो पेपर पुन्हा पुन्हा वाचला. माझं नाव कुठेच नव्हतं. रडले मी, खोटं कशाला सांगू? त्यानंतर सरांनी एकदाही विषय काढला नाही. मीही विचारलं नाही. ज्याला गुरू मानलं त्याला काय विचारणार?

पण पेटी शाळेत परत आली त्याच दिवशी मी ती खोळ काढून घरी नेली. वाटलं, सर शोधतील, मला विचारतील, मग बोलणं होईल. नऊ वर्षं झाली. सर दरवर्षी उघड्या कात्रीनेच शिकवतायत. त्यांच्या लक्षातच आलं नाही.

ही बघा, माझ्या परकराच्या कापडाची खोळ. आज परत देते. सर, ती कुठे घालायची ते मुलांना सांगा. आज फोन करायला नको, मी इथेच आहे.

... सर खाली बघतायत. बरं, मी घालते.

आपण सगळे आलात, मनापासून आभार. मोठ्यांचा अवमान झाला असेल तर पोटात घाला. पण मुलांनो, नऊ वर्षं तुम्ही अर्धवट शिकलात ते माझ्या रुसव्यापायी. खरी माफी मी तुमचीच मागते.